वाळूत गाडी घालण्यापूर्वी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

दर उन्हाळ्यात वर्तमानपत्रात एक बातमी ठरलेली असते. कोकणातल्या कुठल्या तरी पुळणीवर पर्यटकांची गाडी रुतते, तोवर भरती सुरू होते, चाकं निम्मी पाण्यात जातात आणि मग गावातली मंडळी ट्रॅक्टर आणून, दोरखंड लावून ती बाहेर ओढतात. कधी कधी ती निघतही नाही. फोटोतली गाडी बहुधा नवीकोरी, उंच आणि दणकट असते. मालक बाजूला कपाळाला हात लावून उभा. जाहिरातीत तर हीच गाडी डोंगर चढताना दाखवली होती!

रस्ता सोडून गाडी कशी चालवावी हे मी गेली काही वर्षं हौशी मंडळींना शिकवतो. नवीन येणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘सर, फोर बाय फोर घेऊ ना?’ म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी गाडी. घ्या, माझी ना नाही. पण ज्या माणसाकडून जगानं वाळूत गाडी चालवायला शिकलं, त्याच्या गाडीची फक्त मागची दोन चाकं फिरत होती. आज मी त्याच्याविषयी बोलणार आहे.

राल्फ बॅगनॉल्ड हे त्याचं नाव. जन्म १८९६ चा. ब्रिटिश लष्करातला सिग्नल्सचा अधिकारी, शिक्षणानं इंजिनिअर. १९२६ मध्ये त्याची बदली इजिप्तमध्ये झाली. कैरोतले त्याचे बरोबरीचे अधिकारी सुट्टीत पोलो खेळत. हा आणि याचे चार मित्र मात्र पदरचे पैसे घालून फोर्डच्या गाड्या घेत आणि वाळवंटात शिरत. आधी सिनाईकडे, मग पश्चिमेला.

पश्चिमेला होता ‘महावालुकासागर’. इजिप्त आणि लिबियाच्या सीमेवरचा हा टेकड्यांचा प्रदेश सुमारे ७२ हजार चौरस किलोमीटरचा, म्हणजे जवळजवळ पाव महाराष्ट्राएवढा. उत्तर-दक्षिण पसरलेल्या वाळूच्या रांगा, एकीमागून एक, कित्येक ठिकाणी शंभर मीटरहून उंच. गेरहार्ड रोल्फ्स हा जर्मन प्रवासी १८७४ मध्ये उंटांचा तांडा घेऊन पूर्वेकडून पश्चिमेला निघाला होता. या रांगा उंटांनाही ओलांडवेनात, तेव्हा तो दोन रांगांमधल्या पट्टीतून उत्तरेला वळला आणि सिवाच्या मरूद्यानात पोहोचला. जिथून उंट परतला, तिथं मोटार जाईल असं कोण म्हणणार?

तसं पाहिलं तर वाळवंटात मोटार नेणारा बॅगनॉल्ड पहिला नव्हे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या हलक्या फोर्ड गाड्यांची पथकं तिथं हिंडली होती. आणि इजिप्तच्या राजघराण्यातले प्रिन्स कमाल अल-दीन हुसेन यांनी १९२५-२६ च्या सुमारास फ्रान्सहून सित्रोएनच्या गाड्या आणवल्या. या गाड्यांना मागं चाकांऐवजी रणगाड्यासारखे पट्टे होते. गिल्फ कबीर हे प्रचंड पठार त्यांनीच नकाशावर आणलं आणि त्याला नावही त्यांनीच दिलं. पण असल्या यंत्रांचा खर्च राजपुत्रालाच परवडणार. बॅगनॉल्डचा विचार उलटा होता. गाडी जितकी हलकी आणि साधी, तितकी ती कमी रुतेल, आणि रुतली तरी चार माणसांना ढकलता येईल. म्हणून त्यानं घेतली फोर्डची ‘मॉडेल ए’, म्हणजे तेव्हा कुठल्याही डॉक्टर-वकिलाच्या दारात दिसणारी गाडी. नको असलेलं सगळं काढून टाकलं. माझ्याकडे येणारी मंडळी नेमकं याच्या उलट करतात. आधी छतावर लोखंडी कॅरिअर, त्यावर दिवे, पुढं जाडजूड बंपर, मागं शिडी. वाळूत शिरण्याआधीच गाडीचं वजन दोन माणसांनी वाढलेलं असतं, आणि तेही नको तितक्या उंचावर.

१९३० च्या ऑक्टोबरात बॅगनॉल्ड पुन्हा तिथं गेला. मधल्या काळात त्याची नेमणूक हिंदुस्थानात झाली होती. तिथून रजा काढून तो आला होता. समोर पहिली मोठी टेकडी. बेतानं, हळूहळू चढायचा प्रयत्न केला तर गाडी पायथ्याशीच बसेल हे दिसत होतं. मग त्यानं गाडी मागं घेतली, वेग ताशी चाळीस मैलांवर नेला आणि सरळ त्या भिंतीवर घातली. धक्का बसलाच नाही. लिफ्टमधून वर जावं तशी गाडी अलगद वर गेली. ती ‘अशक्य’ टेकडी वाऱ्याच्या बाजूनं टणक होती आणि चाकांनी तिच्यावर जेमतेम खूण उमटवली. त्या मोहिमेत त्यांनी वालुकासागर ओलांडला.

आता हे असं का होतं? बॅगनॉल्डची खरी थोरवी अशी की तो नुसता पलीकडे गेला नाही, हा प्रश्न घेऊन घरी आला. १९३५ मध्ये लष्करातून निवृत्त झाल्यावर त्यानं लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये प्लायवुड आणि काचेचा वातबोगदा स्वतः बांधला आणि त्यात वाळू उडवत बसला. १९३८ मध्ये पुन्हा वाळवंटात जाऊन आपली मापं पडताळून आला. त्यातून १९४१ मध्ये वाऱ्यानं उडणाऱ्या वाळूच्या भौतिकशास्त्रावरचा त्याचा ग्रंथ निघाला. तो आजही या विषयातला पायाभूत ग्रंथ मानतात.

त्याचं सार असं. टेकडीला दोन बाजू असतात. वाऱ्याकडची बाजू उताराची, लांबलचक. तिथं उडत आलेले कण एकेक करून आपटतात आणि घट्ट बसत जातात. पोतं हलवून, ठोकून भरावं तसे. ही वाळू टणक होते. माथ्यावरून पलीकडे पडणारी वाळू मात्र ढिगानं घसरते. तिथं उतार बत्तीस-चौतीस अंशांचा आणि कण एकमेकांवर नुसते सैल टेकलेले. पोत्यात धान्य ओतलं आणि ठोकलंच नाही, असं समजा. वरून दोन्ही वाळू सारख्याच दिसतात. एकीवरून गाडी चाळीसच्या वेगानं जाते, दुसरीत अक्षांपर्यंत बसते. म्हणून शहाणा चालक आधी खाली उतरतो आणि पायांनी चालून बघतो. टाच किती रुतते ते पाहायला पाच मिनिटं लागतात. गाडी उकरून काढायला पाच तास लागू शकतात.

आता चाकातली हवा. नवख्यांना ही गोष्ट पटायला सर्वांत जड जाते. रस्त्यावर हवा कमी असली की पंपवाला रागावतो. वाळूत ती मुद्दाम कमी करायची असते. हिशेब सोपा आहे. टायर जमिनीवर जेवढा दाब देतो, तो साधारण आतल्या हवेच्या दाबाएवढा असतो. समजा गाडी सोळाशे किलोची, म्हणजे प्रत्येक चाकावर चारशे किलो. हवा बत्तीस पौंड असेल तर एका चाकाचा जमिनीला टेकणारा भाग साधारण दीड पोस्टकार्डाएवढा असतो. हवा सोळावर आणली की तोच भाग जवळजवळ तीन पोस्टकार्डांएवढा होतो. वजन तेच, पण टेकायला जागा दुप्पट. उंटाचा पाय पसरट का असतो हे वेगळं सांगायला नको. मात्र अशा चाकांवर जोरात वळू नका, टायर रिममधून निसटतो. आणि डांबरी रस्त्याला लागण्याआधी हवा पुन्हा भरून घ्या. त्यासाठी छोटा कॉम्प्रेसर आणि हवा मोजायचं मीटर हवंच. दिव्यांच्या आधी याची खरेदी करा.

तरीही गाडी रुततेच. बॅगनॉल्डचीही रुतायची, दिवसातून कितीदा तरी. त्यावर त्याचा उपाय कैरोतल्या जुन्या बाजारात मिळाला होता. पहिल्या महायुद्धातल्या खंदकांच्या छतासाठी बनवलेल्या, सुमारे पाच फूट लांबीच्या पोलादी पन्हळी भंगारवाल्याकडे पडल्या होत्या. चाकापुढची वाळू हातानं उकरायची, पन्हळ चाकाखाली सरकवायची, गाडी तिच्यावरून पुढं काढायची आणि थांबायचं नाही, टणक जागा येईपर्यंत. मागून माणसं पन्हळी उचलून पळत. पुढच्या चाकांसाठी कॅनव्हासमध्ये बांबूच्या पट्ट्या घातलेल्या गुंडाळ्या असत. आज याच पन्हळींच्या प्लास्टिकच्या वंशज बाजारात मिळतात. परवडत नसतील तर दोन जाड फळ्या आणि एक फावडं न्या, काम होतं.

रुतल्यावर काय करू नये, हे मी वर्गात तीन-तीनदा सांगतो. ॲक्सिलरेटर दाबू नका. चाक जागच्या जागी फिरू लागलं की ते विहीर खणतं. फिरू लागताच पाय काढा, उतरा, बघा, आणि जमलं तर आलेल्या चाकोरीतूनच मागं या. ती दाबलेली असते. थांबायचं झालं तरी ब्रेक दाबून थांबू नका, चाकांपुढं वाळूचा बांध तयार होतो. गाडीला आपसूक थांबू द्या, शक्यतो उताराकडे तोंड करून. टेकडी चढताना सरळ चढा, तिरकं गेलात की गाडी कलंडते. आणि माथ्यावर वेग मारा. पलीकडे काय आहे ते दिसत नसतं. बॅगनॉल्डच्या पुढच्या शिष्यांपैकी काहीजण माथ्यावरून गाडीसकट हवेत गेले आणि पाठीची हाडं मोडून घेतली.

मला स्वतःला त्याची सर्वांत आवडणारी युक्ती पाण्याची आहे. तेव्हाच्या गाड्यांचं रेडिएटर उकळे आणि वाफ नळीतून बाहेर निघून जाई. वाळवंटात ते पिण्याचं पाणी! बॅगनॉल्डनं ती नळी गाडीच्या कडेला बांधलेल्या, थोडं पाणी घातलेल्या डब्यात नेऊन सोडली. वाफ त्या पाण्यात विरघळून गार व्हायची. डबाही तापून खदखदायला लागला की गाडी वाऱ्याकडे तोंड करून उभी करायची. इंजिन निवलं की रेडिएटरमध्ये पोकळी होते आणि डब्यातलं सगळं पाणी परत आपोआप आत शोषलं जातं. थेंबही वाया नाही. आजच्या मोटारीत रेडिएटरशेजारी जी प्लास्टिकची बाटली दिसते, तिचं काम याच तत्त्वावर चालतं.

दिशेचंही तसंच. लोहचुंबकाचं होकायंत्र गाडीतल्या लोखंडामुळे चुकतं. म्हणून यानं सूर्याचं वापरलं. गोल तबकडी, अंशांच्या खुणा, मधोमध उभी विणायच्या सुईसारखी एक सुई. सुईची सावली ठरल्या खुणेवर ठेवून गाडी हाकायची आणि सूर्य सरकेल तशी तबकडी फिरवायची. किती मैल झाले ते मीटरवर. रात्री तारे आणि रेडिओवरची वेळ यांवरून आपली जागा काढायची. आता खिशातला फोन हे सगळं करतो. फोनची बॅटरी संपेपर्यंत.

हे सगळं हौसेचं झालं. त्याला दुसरी बाजू आहे आणि ती नेहमी सांगितली जात नाही. बॅगनॉल्डनं १९३५ च्या आपल्या प्रवासपुस्तकाच्या नावात या प्रदेशाला ‘मृत जग’ म्हटलं. पण त्या जगात माणसं होती. जानेवारी १९३१ मध्ये इटालियन फौजांनी कुफ्राचं मरूद्यान जिंकलं आणि तिथली कुटुंबं बायकापोरांसह वाळवंटात पळाली. कित्येकजण तहानेनं वाटेतच मेले. पॅट क्लेटन नावाचा सर्वेक्षक त्या वेळी इजिप्त सरकारसाठी नकाशे करत होता. त्याला ही माणसं भेटली. त्यानं नकाशाचं काम बाजूला ठेवलं आणि गाड्यांच्या फेऱ्या करून जमतील तेवढ्यांना वाचवलं. वाळूत गाडी चालवण्याची विद्या कशासाठी, असं मला कुणी विचारलं तर वालुकासागराच्या आधी मी क्लेटनच्या त्या फेऱ्या सांगतो.

पुढं युद्ध आलं. १९३९ च्या ऑक्टोबरात पुन्हा लष्करात बोलावलेला बॅगनॉल्ड जहाजानं केनियाला निघाला होता. भूमध्य समुद्रात त्याच्या जहाजाची टक्कर झाली आणि दुरुस्तीसाठी ते पोर्ट सैदला लागलं. हा आगगाडीनं कैरोला जुन्या मित्रांना भेटायला गेला. वर्तमानपत्रात ती बातमी आली, सरसेनापती वेव्हेलनं त्याला बोलावून घेतलं, आणि केनिया राहिलं बाजूला! हेच वेव्हेल पुढं आपले व्हाइसरॉय झाले. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरल्यावर बॅगनॉल्डनं त्यांच्यापुढे योजना ठेवली: वाळवंटातून शत्रूच्या पाठीमागं जाऊन थोडी चाचेगिरी करायची. सहा आठवड्यांची मुदत मिळाली. त्यातून उभं राहिलं ‘लाँग रेंज डेझर्ट ग्रुप’. शेव्हरोलेचे ट्रक घेतले, त्यांचे दरवाजे आणि पुढच्या काचा काढून टाकल्या, स्प्रिंगा मजबूत केल्या, वाफेचे डबे बसवले. माणसं घेतली न्यूझीलंडची, त्यात बरेच शेतकरी, यंत्र सांभाळायची सवय असलेले. बुटात वाळू जाते म्हणून त्यांना वायव्य सरहद्दीवरच्या पठाणी चपला दिल्या. हिंदुस्थानातली नोकरी अशी कामी आली. पुढं हिंदी घोडदळातल्या जाट, मुस्लिम, राजपूत आणि शीख जवानांच्या तुकड्या करून त्यांचंही याच धर्तीचं पथक उभं राहिलं.

या पथकाच्या लढायांवर पुष्कळ लिहिलं गेलंय, त्यात मी जात नाही. एकच प्रसंग सांगतो, कारण तो तयारीशी संबंधित आहे. ३१ जानेवारी १९४१ ला जबल शरीफजवळ इटालियन मोटारी आणि विमानांनी पथकाची एक तुकडी गाठली. पुढारी होता तोच पॅट क्लेटन. तो पकडला गेला. ट्रक जळाले. खडकांत लपलेली चार माणसं मागं राहिली. रोनाल्ड मूर त्यांचा म्होरक्या, त्याच्या पायाला जखम. जवळ दोन गॅलनांचा पाण्याचा एक डबा, तोही पुरता भरलेला नाही. जवळची सर्रा विहीर इटालियनांनी बुजवलेली. शरण जायचं नाही असं ठरवून ते आपल्याच गाड्यांच्या चाकोऱ्या धरून दक्षिणेला चालत निघाले. दहा दिवसांनी फ्रेंच सैनिकांना मूर सापडला तेव्हा तो दोनशे मैलांहून जास्त चालला होता आणि अजून चालतच होता. चौघांपैकी ईस्टन वाचला नाही.

या गोष्टीतून गाडी सोडून चालत निघण्याचं धाडस घेऊ नका. त्यांच्याकडे गाडीच उरली नव्हती. तुमची गाडी बंद पडली तर तिच्या सावलीत थांबा, ती माणसापेक्षा लांबून दिसते. घ्यायचं ते पाणी. ते एका मोठ्या पिंपात न नेता चार डब्यांत न्या, म्हणजे एक फुटला तरी तीन राहतात. डबाही चांगला हवा. त्या युद्धात ब्रिटिशांचे पातळ पत्र्याचे पेट्रोलचे डबे इतके गळत की जर्मनांचे दणकट वीस लिटरचे कॅन हाती लागले की सैनिक हरखून जात. ‘जेरीकॅन’ हा शब्द तिथलाच. ‘जेरी’ म्हणजे जर्मन. दुसरं म्हणजे एकट्या गाडीनं कधीच जाऊ नका. दुसरी गाडी हवी, आणि गाडीला टोचन लावायचा हूक कुठं आहे हे घरूनच बघून ठेवा. कुठं चाललोय आणि कधी परतणार, हे मागं कुणाला तरी सांगा.

आणि आपल्या किनाऱ्यांविषयी थोडं स्पष्ट बोलतो. वाळवंटात भरती येत नाही, आपल्याकडे दिवसातून दोनदा येते. ओली वाळू टणक वाटते म्हणून लोक पाण्याच्या कडेनं गाडी नेतात, आणि लाट चाकाखालची वाळू काढून नेते. गोव्यात किनाऱ्यावर गाडी घालणाऱ्यांवर पोलिस गुन्हे दाखल करतात. वेळाससारख्या गावांच्या पुळणीत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. गाडीचं चाक गेलं की घरटं संपलं. शिकायचंच असेल तर परवानगी असलेली खाजगी जागा, नांगरलेलं शेत, चिखलाचं मैदान बघा. चाकाखालची जमीन ओळखणं तिथंही शिकता येतं.

बॅगनॉल्ड १९४४ मध्ये रॉयल सोसायटीचा फेलो झाला आणि १९९० मध्ये, ९४ व्या वर्षी वारला. मंगळावरच्या वाळूच्या टेकड्या समजून घ्यायला ‘नासा’च्या शास्त्रज्ञांनी त्याचीच सूत्रं काढली. २०१५ च्या अखेरीस ‘क्युरिऑसिटी’ गाडी मंगळावरच्या ज्या टेकड्यांपाशी पोहोचली, त्यांना ‘बॅगनॉल्ड ड्यून्स’ म्हणतात. तिच्याआधीच्या दोन गाड्या तिथं रुतल्या होत्या. ‘ऑपॉर्च्युनिटी’ एप्रिल २००५ मध्ये बसली. इथं पृथ्वीवर तशीच वाळू तयार करून, तशीच गाडी तिच्यात रुतवून अभियंत्यांनी सराव केला, आणि बोटभर-बोटभर मागं घेत जूनमध्ये ती बाहेर काढली. ‘स्पिरिट’ २००९ मध्ये मऊ मातीत फसली. तिचं एक चाक आधीच निकामी झालेलं होतं. उतरून फळी सरकवायला कुणी नव्हतं. तिची शेवटची खबर २२ मार्च २०१० ला आली. ती अजून तिथंच आहे.